वरळीचा घुमट : दारासिंगांच्या आखाड्यापासून कबड्डीच्या मॅटपर्यंत

मुंबईत हाजीअलीहून वरळीकडे जाणाऱ्या लाला लजपतराय मार्गावर, महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर, एक गोल, घुमटाकार छप्पर दिसते. नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम ते हेच. १९५७ साली उभारलेल्या या क्रीडागाराला आजची पिढी 'एनएससीआय डोम' किंवा नुसतेच 'डोम' म्हणते; जुने मुंबईकर मात्र अजूनही 'वल्लभभाई पटेल स्टेडियम' असे पूर्ण नाव घेतात आणि ते घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर दारासिंग आणि किंगकाँग उभे राहतात.

या स्टेडियमची प्रेक्षकक्षमता चार-पाच हजारांच्या घरातली. वानखेडेच्या तुलनेत हा आकडा किरकोळ म्हणावा लागेल. तरीही फ्रीस्टाइल कुस्त्यांचे दंगल, बॅडमिंटन लीगची पहिली अंतिम लढत, प्रो कबड्डीचा पहिला सामना, अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगच्या संघांचे भारतातील पहिले सामने, कोरोना रुग्णांचे उपचार केंद्र आणि सुमारे दोन दशकांनंतर एका व्यासपीठावर आलेले दोन ठाकरे बंधू, एवढे सारे या एका छपराने पाहिले. यातील बऱ्याच गोष्टी ऐन पावसाळ्यातल्या. उघड्या मैदानावर त्या दिवसांत त्या होऊच शकल्या नसत्या. या वास्तूचे सारे महत्त्व याच एका साध्या गोष्टीत आहे.

महाराष्ट्राचे देशी खेळ मातीतले. कबड्डी मातीत, खो-खो मातीत, कुस्ती तर मातीचीच. पहिलवानाच्या रोजच्या मेहनतीसाठी तालमीवर छप्पर असते. पण हजारोंनी पाहायची कुस्ती उघड्यावरच रंगते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान हे त्याचे सर्वांत देखणे उदाहरण. उतरत्या पायऱ्यांमुळे कोठेही बसले तरी आखाडा स्पष्ट दिसावा, हा तेथील रचनेचा विशेष. पण वर आकाश मोकळे. साहजिकच महाराष्ट्राच्या क्रीडा दिनदर्शिकेने शेतीच्या दिनदर्शिकेशी जुळवून घेतले. सुगी झाली, जत्रा सुरू झाल्या की मैदाने भरायची आणि मृग लागला की मैदाने ओस पडायची. ज्या मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे तर वर्षाचा तिसरा हिस्सा खेळाडूंनी व्हरांड्यात बसून काढायचा, हे गृहीतच धरलेले होते. 'कबड्डीमहर्षी' शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिन, म्हणजे १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. नेमका तो दिवस असा, की मैदानात बहुधा चिखल असतो.

डिमेलो यांची दृष्टी

नॅशनल स्पोर्ट्‌स क्लबच्या जन्मकथेत अँथनी डिमेलो हे नाव अटळ आहे. कराचीत वाढलेले, मूळ गोमंतकीय घराण्यातले डिमेलो भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले सचिव होते आणि पुढे अध्यक्षही झाले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या व १९३७ साली खुल्या झालेल्या ब्रेबर्न स्टेडियमच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांच्या आयोजनाची धुराही त्यांनी वाहिली. मंडळातील राजकारणात त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण इमारती उभ्या करण्याची त्यांची हातोटी टीकाकारांनीही नाकारली नाही. क्रिकेटपलीकडच्या खेळांनाही हक्काची जागा हवी, ही कल्पना स्पोर्ट्‌स क्लबच्या मुळाशी होती. स्वतंत्र भारताला तेव्हा दहा वर्षे होत होती आणि स्टेडियमला पोलादी पुरुषाचे नाव देणे हे त्या काळाला धरूनच होते.

या नावामुळे होणारा घोळ येथेच निस्तरलेला बरा. अहमदाबादेत नवरंगपुरा येथे चार्ल्स कोरिया यांच्या संकल्पनेतून साकारलेले एक सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम आहे. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना १९८१ साली तेथे झाला. मोटेरा येथील क्रिकेट स्टेडियमही २०२१ पर्यंत सरदारांच्याच नावाने ओळखले जात होते. वरळीचे स्टेडियम या दोहोंहून वेगळे, आकाराने सर्वांत लहान आणि डोक्यावर छप्पर असलेले.

छपराचे गणित

बीबी का मकबरा रोज पाहणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला घुमटाचे अप्रूप नाही. पण कबरीवरचा घुमट आणि क्रीडागारावरचा घुमट यांत एक मूलभूत फरक आहे. घुमटाचे वजन खाली येता येता पायथ्याला बाहेरच्या दिशेने ढकलत असते. हा रेटा अडवला नाही तर भिंती फाकतात. विजापूरच्या गोलघुमटात तो रेटा पेलण्यासाठी प्रचंड जाडीच्या भिंती आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानी योजल्या आहेत. सतराव्या शतकातील दगड-विटांच्या बांधकामाला तेवढे वस्तुमान आवश्यकच होते. क्रीडागारात अशा भिंती चालत नाहीत. तेथे हजारो माणसांना काही मिनिटांत आत-बाहेर करायचे असते, उजेड-वारा हवा असतो आणि मध्ये एकही खांब चालत नाही, कारण खांबाआड बसलेला प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतो.

विसाव्या शतकात लोखंड आणि काँक्रीटने हे कोडे सोडवले. वरळीचे स्टेडियम ज्या वर्षी उभे राहिले, त्याच १९५७ साली रोममध्ये पिएर लुइजी नेर्वी या अभियंत्याने पॅलाझेत्तो देल्लो स्पोर्ट हे क्रीडागार पूर्ण केले. सुमारे ६० मीटर व्यासाचे काँक्रीटचे पातळ कवच आणि त्याचा रेटा जमिनीत उतरवणारे इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचे ३६ तिरपे टेकू, अशी ती रचना. १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी बांधलेले हे छप्पर स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

अमेरिकेने नेहमीप्रमाणे आकार मोठा केला. १९६५ साली ह्यूस्टन येथे अ‍ॅस्ट्रोडोम खुले झाले आणि संपूर्ण बेसबॉलचे मैदानच वातानुकूलित छपराखाली आले. खालचे गवत जगावे म्हणून छपराला पारदर्शक तावदाने बसवली होती. पण त्यांच्या लखलखाटात क्षेत्ररक्षकांना उंच उडालेला चेंडू दिसेना. तावदानांवर रंग फासला, चेंडू दिसू लागला आणि गवत मेले. मग १९६६ मध्ये कृत्रिम गवत अंथरावे लागले. आज जगभर हॉकी ज्या कृत्रिम मैदानावर खेळली जाते आणि ज्याने भारतीय हॉकीचे सारे गणित बदलून टाकले, त्याची वंशावळ अशी एका घुमटाच्या चुकीपर्यंत जाऊन पोहोचते. छप्पर खेळाला केवळ आसरा देत नाही, ते खेळही बदलते. वरळीत कबड्डीच्या बाबतीत हेच घडायचे होते. पण त्याला आणखी जवळजवळ अर्धे शतक अवकाश होता.

फ्रीस्टाइलचे दिवस

त्याआधीचा काळ कुस्तीचा, तोही मातीतल्या नव्हे, तर दोरखंडांनी वेढलेल्या रिंगमधल्या कुस्तीचा. पन्नाशीच्या दशकाची अखेर आणि साठीचे दशक या काळात मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांनी अक्षरशः वेड लावले. हंगेरीत जन्मलेला, अवाढव्य देहाचा एमिल चाया 'किंगकाँग' या नावाने लढायचा. त्याला डोक्यावर उचलून फेकणारे दारासिंग हा त्या काळातील चाळीचाळींतला चर्चेचा विषय होता. दारासिंगांचे बंधू रंधावाही याच वर्तुळातले. वल्लभभाई पटेल स्टेडियमवरील या कुस्त्यांच्या जाहिरातींनी शहरातील भिंती रंगत. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. तोवर ते हिंदी चित्रपटांचेही नायक झाले होते.

तालमीतल्या वस्तादांना हा प्रकार फारसा रुचला नाही. निकाल आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला पहिलवानांच्या भाषेत 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि फ्रीस्टाइलवर हा आरोप वारंवार झाला. तो शब्द आज कुस्तीच्या बातम्यांपेक्षा राजकारणाच्या बातम्यांत अधिक दिसतो, हा भाग वेगळा. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. जत्रेच्या फडाबाहेरही कुस्तीला तिकीट काढून येणारा शहरी प्रेक्षक मिळू शकतो, हे या दंगलींनी दाखवून दिले.

त्यानंतरची काही दशके स्टेडियमने तुलनेने शांततेत काढली. कोलकात्यात १९७५ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी नेताजी इनडोअर स्टेडियम झाले, दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी त्याहून कितीतरी मोठे इंद्रप्रस्थ स्टेडियम उभे राहिले, आणि देशातील बंदिस्त क्रीडागारांच्या यादीत वरळीचे नाव मागे सरकले.

पावसातली कबड्डी

ते पुन्हा पुढे आले २०१३ मध्ये. इंडियन बॅडमिंटन लीगचा पहिला अंतिम सामना ३१ ऑगस्ट २०१३ रोजी येथे झाला. सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला हरवले आणि हैदराबाद हॉटशॉट्‌सने अवध वॉरियर्सवर मात करून विजेतेपद पटकावले. बॅडमिंटनला छप्पर लागतेच, त्यामुळे त्यात नवल नव्हते. नवल घडले पुढच्या वर्षी.

२६ जुलै २०१४ रोजी, भर पावसाळ्यात, प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना वरळीत झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरवले. २६ जुलै या तारखेशी मुंबईकरांच्या मनात २००५ च्या महाप्रलयाची आठवण जोडलेली आहे. त्याच तारखेला कोरड्या मॅटवर, दिव्यांच्या झोतात कबड्डी सुरू होती, ही नियतीची गंमतच. ३१ ऑगस्टला याच ठिकाणी अंतिम सामना झाला तेव्हा जयपूरने ३५-२४ अशी परतफेड केली. पुढच्या वर्षी मात्र २३ ऑगस्टला अनुपकुमारच्या नेतृत्वाखालील यू मुंबाने बेंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून घरच्या प्रेक्षकांसमोर करंडक उचलला.

वरळीच्या पाठीला पाठ लावून गिरणगाव आहे. लोअर परळ, प्रभादेवी, नायगाव या कामगार वस्त्यांतील मंडळांनी कबड्डी जगवली. गल्लीतल्या मोकळ्या जागेत माती अंथरायची, बाजूने बांबू बांधायचे, वर दिव्यांची माळ, आणि रात्री उशिरापर्यंत सामने. चांगल्या चढाईपटूला बँका, रेल्वे आणि कंपन्यांच्या संघांत नोकरी मिळे. कबड्डी हा तेथील तरुणांच्या दृष्टीने पगारपत्रकाकडे जाणारा रस्ता होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या आचके देत बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर आले, गल्ल्या अरुंद झाल्या. खेळ राहिला, जागा गेली. अशा वेळी त्याच परिसराच्या सीमेवरील एका क्लबच्या घुमटाखाली कबड्डी दूरचित्रवाणीवर झळकावी, यात एक प्रकारचा न्याय आहे आणि एक प्रकारची बोचही.

कबड्डीला हे छप्पर विलक्षण मानवले. पुरुषांचे मैदान अवघे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. क्रिकेटच्या स्टेडियमवर ते हरवून जाईल. वर्तुळाकार, आटोपशीर क्रीडागारात मात्र शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही चढाईपटूची बोटे बोनस रेषेपलीकडे टेकलेली पाय आणि पकड करणाऱ्याची साखळी दिसते. घुमटाखाली आवाज घुमतो. भाषणाला तो मारक असला तरी अखेरच्या चढाईच्या वेळी चार हजारांचा गलका दहा हजारांचा वाटावा, हे आयोजकांच्या पथ्यावरच पडले. बदल खेळातही झाले. मातीत अनवाणी खेळणारा मॅटवर बूट घालू लागला. मातीत अंग झोकून मारलेली सूर मॅटवर गुडघ्याला महागात पडते, हे नव्या पिढीला लवकर कळले. ३० सेकंदांची चढाई, दोन निष्फळ चढायांनंतरची 'करो या मरो' चढाई, यांमुळे वेळकाढूपणा संपला. जाणकारांच्या मते मातीचा बेरकीपणा काही प्रमाणात हरवला. परंतु मातीवर राहिली असती तर कबड्डी जुलै-ऑगस्टमध्ये झालीच नसती आणि ते दोन महिने दूरचित्रवाणीला मोकळे मिळाले, हे या लीगच्या यशाचे एक फारसे न बोलले गेलेले कारण आहे.

याच काळात 'डोम' हे नाव रूढ झाले आणि कार्यक्रमांची रीघ लागली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी व्यावसायिक मुष्टियोद्धा विजेंदरसिंग याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियाली याला गुणांवर हरवले. डोकलामवरून दोन्ही देशांत तणाव होता. विजयानंतर विजेंदरने आपला पट्टा प्रतिस्पर्ध्याला परत करण्याची तयारी जाहीर केली. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे एनबीएचे संघ येथे खेळले. पहिल्या दिवशी प्रेक्षक होते प्रामुख्याने शाळकरी मुले आणि सामना जादा वेळेत गेला. पेसर्स १३२-१३१ असे जिंकले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. आपल्या जन्मगावी आपला संघ खेळवण्याचे समाधान त्यांना मिळाले, विजय मात्र दुसऱ्या दिवशीही मिळाला नाही.

खाटांचे स्टेडियम

सहा महिन्यांनी त्याच जागेवर रुग्णशय्या मांडल्या गेल्या. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाड्यात कोरोनाचे रुग्ण आढळून तो परिसर सील झाला, आणि एप्रिलमध्ये महापालिकेने डोम ताब्यात घेऊन तेथे कोरोना केंद्र सुरू केले. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहणाऱ्या वस्तीत 'घरीच वेगळे राहा' हा सल्ला निरर्थक होता. सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घराबाहेर, पण रुग्णालयाची खाट न अडवता ठेवायचे, तर मोठी, हवेशीर आणि शौचालयांची सोय असलेली जागा हवी होती. पुढे तेथे अतिदक्षता विभागही उभारला गेला.

येथेही निर्णायक ठरले ते पक्के छप्पर. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर महिनाभराने तंबूवजा रुग्णालय उभे राहिले. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी तेथील रुग्णांना खबरदारी म्हणून इतरत्र हलवावे लागले. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधील हजारो निराधारांना प्रथम तेथील सुपरडोममध्ये आणि नंतर ह्यूस्टनच्या त्याच अ‍ॅस्ट्रोडोममध्ये आसरा देण्यात आला होता. मोठे, खांबविरहित आणि कोरडे मजघर ही संकटकाळी शहराची किती मोठी शिल्लक असते, याचा अनुभव मुंबईने पंधरा वर्षांनी घेतला.

या प्रकरणाला काळी किनारही आहे. वरळी आणि दहिसर येथील केंद्रांना वैद्यकीय मनुष्यबळ पुरवण्याच्या कंत्राटात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांवरून सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये छापे घातले आणि काहींना अटक केली.

५ जुलै २०२५

पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या संदर्भातील शासन निर्णयांविरुद्ध मुंबईत ५ जुलै २०२५ रोजी मोर्चा निघायचा होता. २९ जूनला राज्य सरकारने ते दोन्ही निर्णय रद्द केले आणि मोर्चाचे रूपांतर विजयी मेळाव्यात झाले. उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे सुमारे दोन दशकांनंतर एका व्यासपीठावर आले, ते वरळीच्या डोममध्ये. हा मेळावा खरे तर शिवाजी पार्कवर व्हायला हवा होता, पण पावसामुळे येथे घ्यावा लागला, असे राज ठाकरे यांनी भाषणात सांगितले. आत जागा मिळाली नाही त्यांनी बाहेर लावलेल्या पडद्यांवर भाषणे ऐकली. ज्या मैदानाने शिवसेनेचे सारे चढउतार पाहिले, त्याच्याऐवजी एका क्लबचे बंदिस्त सभागृह या घटनेचे साक्षीदार ठरले, ते केवळ आषाढातल्या पावसामुळे.

आता उरतो खेळाडूंचा प्रश्न. हे स्टेडियम एका सदस्यत्वाच्या क्लबच्या आवारात आहे. मैफली, पुरस्कार सोहळे, प्रदर्शने आणि मेळावे यांतून उत्पन्न येते. शहरातल्या एखाद्या मंडळाच्या कबड्डी संघाला येथे जुलैत सराव करायचा म्हटले तर तो विचारही मनात आणवत नाही. वातानुकूलन, दिवे, देखभाल यांचा खर्च पाहता क्लबला सर्वस्वी दोष देणेही रास्त होणार नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली क्रीडा संकुले याच कारणासाठी महत्त्वाची ठरतात. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आहे, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि तलवारबाजीसारखा पूर्णतः छपराखालचा खेळ या शहरात रुजला, त्यामागे अशा सुविधांचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यात पाऊस मुंबईच्या मानाने कमी. येथे छप्पर हवे ते एप्रिल-मेच्या उन्हासाठी. तालुक्याच्या गावी कबड्डी खेळणाऱ्या मुलामुलींनी राष्ट्रीय निवड चाचणीला जायचे तर मॅटचा सराव हवाच, आणि मॅट उघड्यावर अंथरता येत नाही. तेव्हा तालुका क्रीडा संकुलाच्या आराखड्यात धावमार्गाइतकेच बंदिस्त सभागृहही आग्रहाने मागितले गेले पाहिजे.

वरळीत प्रो कबड्डीचे सामने २०१९ नंतर कोरोनामुळे थांबले. नवव्या मोसमात, डिसेंबर २०२२ मध्ये, ते डोममध्ये परतले. अकराव्या मोसमासाठी हैदराबाद, नोएडा आणि पुणे. तर २०२५ च्या बाराव्या मोसमासाठी विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ही केंद्रे निवडण्यात आली. यू मुंबा दोन्ही मोसमांत खेळली, मुंबईत मात्र एकही सामना झाला नाही.